अणुबॉम्ब हरवला तर पुढे काय होतं? टायबीच्या खाडीपासून नंदादेवीच्या बर्फापर्यंतची गोष्ट

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टायबी नावाचं एक छोटं बेट आहे. समुद्रकिनारा, दीपगृह, मासळीची हॉटेलं, सुट्टीत पर्यटकांची गर्दी. या बेटाला लागूनच वासॉ साउंड नावाची उथळ खाडी आहे आणि तिच्या चिखलात कुठेतरी सुमारे ३,४०० किलो वजनाचा हायड्रोजन बॉम्ब पडलेला आहे. १९५८ पासून. नेमका कुठे, हे अमेरिकेच्या हवाई दलालाही माहीत नाही.

अधूनमधून हा बॉम्ब सोशल मीडियावर 'सापडतो'. २०१५ मध्ये तर एका कॅनेडियन जोडप्याला डायव्हिंग करताना तो दिसला, अशी बातमी जगभर शेअर झाली. ती एका व्यंग्यात्मक वेबसाइटने रचलेली होती. असलं काहीही घडलं नव्हतं. पण गंमत अशी की बातमी खोटी असली तरी तिच्यातला बॉम्ब खरा आहे, तो हरवलाय हेही खरं आहे. म्हणूनच असल्या पोस्ट खपतात.

मग खरं काय? असे किती बॉम्ब हरवलेत? ते आज फुटू शकतात का? आणि जवळ राहणाऱ्या लोकांना याबद्दल काय सांगितलं गेलं? यातला तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

त्या रात्री टायबीजवळ काय झालं?

५ फेब्रुवारी १९५८. शीतयुद्ध जोरात होतं. अमेरिकेची बी-४७ बॉम्बर विमानं सोव्हिएत युनियनवर हल्ला करण्याची रंगीत तालीम करत असत आणि या तालमींमध्ये अनेकदा खरेखुरे बॉम्ब सोबत नेले जात. त्या रात्री अशाच एका बी-४७ ला सरावातलंच एक एफ-८६ लढाऊ विमान हवेत धडकलं. एफ-८६ चा वैमानिक पॅराशूटने वाचला. बी-४७ चा पंख आणि इंजिन खिळखिळं झालं होतं. अशा अवस्थेत पोटात बॉम्ब घेऊन धावपट्टीवर उतरायचं आणि उतरताना विमान आदळलं तर? वैमानिक मेजर हॉवर्ड रिचर्डसन यांनी परवानगी मागितली आणि बॉम्ब पाण्यात सोडून दिला. स्फोट झाला नाही. विमान सव्हाना शहराजवळच्या तळावर सुखरूप उतरलं.

नौदलाने दोन महिने शोध घेतला. पाणी गढूळ आणि तळाशी चिखल. १६ एप्रिलला शोध थांबवला आणि बॉम्ब हरवल्याचं जाहीर केलं.

आता इथे एक कळीचा मुद्दा येतो. त्या काळातल्या बऱ्याच बॉम्बमध्ये प्लुटोनियमचा गाभा वेगळ्या कॅप्सूलमध्ये असायचा आणि ती कॅप्सूल गरज पडल्यावरच आत बसवली जायची. हवाई दलाचं म्हणणं आहे की टायबीच्या बॉम्बमध्ये खरी कॅप्सूल नव्हती, शिशाची नकली होती. तसं असेल तर त्याचा अणुस्फोट होणं शक्यच नाही. पण १९६६ मध्ये संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने संसदेच्या समितीला लिहिलेल्या पत्रात याच बॉम्बचा उल्लेख कॅप्सूलसह 'संपूर्ण' शस्त्र असा केला होता. हे पत्र १९९४ मध्ये खुलं झालं आणि स्थानिकांच्या पोटात गोळा आला. पत्रातला उल्लेख चुकीचा होता, असा खुलासा नंतर झाला. पण ३६ वर्षांनी बाहेर आलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा की त्यानंतर आलेल्या खुलाशावर, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

२००१ मध्ये हवाई दलाने पुन्हा अभ्यास केला. निष्कर्ष असा की बॉम्ब बहुधा चिखलात दीड ते साडेचार मीटर खाली रुतलेला असावा, त्यात सुमारे १८० किलो साधी स्फोटकं आणि युरेनियम आहे, आणि तो उकरून काढायला गेलं तर स्फोटकांचा धोका जास्त. म्हणजे आहे तिथेच राहू द्या. २००४ मध्ये हवाई दलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने खाडीत जास्त किरणोत्सर्ग आढळल्याचा दावा केला. सरकारी पथकाने जाऊन मोजमापं घेतली. किरणोत्सर्ग होता, पण तो मोनाझाइट या वाळूतल्या नैसर्गिक खनिजाचा निघाला. (हेच मोनाझाइट केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही भरपूर आहे.)

असे किती बॉम्ब हरवलेत?

अण्वस्त्राच्या अपघातासाठी अमेरिकी लष्करात 'ब्रोकन ॲरो' म्हणजे 'मोडका बाण' हा सांकेतिक शब्द आहे. १९५० ते १९८० या काळातल्या अशा ३२ अपघातांची यादी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जाहीर केली आहे. बहुतेक अपघातांमध्ये बॉम्ब किंवा त्याचे तुकडे परत मिळाले. न मिळालेल्या अमेरिकी अण्वस्त्रांचा आकडा साधारण सहा सांगितला जातो. मात्र मोजणार कसं, यावर तो बदलतो. १० मार्च १९५६ ला भूमध्य समुद्रावर एक बी-४७ विमान गायब झालं. त्यात बॉम्ब नव्हता, पण बॉम्बच्या दोन कॅप्सूल होत्या. ना विमान सापडलं, ना माणसं, ना कॅप्सूल. याला हरवलेला बॉम्ब म्हणायचं की नाही?

आणि हा सगळा हिशेब अमेरिकेचा. सोव्हिएत युनियनने अशी यादी कधीच दिली नाही. त्यांच्या अणुपाणबुड्या मात्र बुडाल्यात आणि काही जण अण्वस्त्रांसह समुद्रतळाशी आहेत.

फुटेल का?

थोडक्यात उत्तर: अणुस्फोट होण्याची शक्यता जवळपास नाहीच.

अणुबॉम्ब म्हणजे फटाक्यासारखी वस्तू नाही की वात पेटली आणि उडाला. प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती साध्या स्फोटकांचं आवरण असतं. हे आवरण सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी फुटावं लागतं. एकाच क्षणी म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकं अचूक. तेव्हाच गोळा आतल्या आत दाबला जातो आणि साखळी अभिक्रिया सुरू होते. आदळून किंवा आग लागून स्फोटकं एका बाजूने फुटली तर गोळा दाबला जात नाही, चिरडून इकडेतिकडे उडतो.

त्यात या बॉम्बना विजेचा योग्य संदेश लागतो, बॅटऱ्या लागतात. साठ वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेल्या बॅटरीकडून काय अपेक्षा करणार? अनेक बॉम्बमध्ये ट्रिटियम हा हायड्रोजनचा प्रकार वापरतात. तो दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे साठ वर्षांत तीस-पस्तिसाव्या हिश्श्याइतकाच उरतो. रशियाचे 'सुटकेस बॉम्ब' गायब झालेत, ही १९९७ मध्ये जनरल अलेक्झांडर लेबेद यांच्या दाव्यामुळे गाजलेली गोष्ट आजही फॉरवर्ड होते. रशियाने तो दावा तेव्हाच फेटाळला होता. पण तो खरा धरला तरी लहान अण्वस्त्रांना नियमित देखभाल लागते. कपाटात ठेवून विसरलेला बॉम्ब तीस वर्षांनी चालेल, हे सिनेमात ठीक आहे.

पण अणुस्फोट होत नाही म्हणजे काहीच होत नाही, असं नाही. टायबीच्या घटनेनंतर सुमारे महिनाभराने, ११ मार्च १९५८ ला, साउथ कॅरोलिनातल्या मार्स ब्लफ गावात दुसऱ्या बी-४७ मधून चुकून बॉम्ब पडला. विमानातला एक जण बॉम्बची कडी तपासायला गेला होता, आधारासाठी त्याने जे धरलं ती नेमकी आपत्कालीन सुटकेची पिन निघाली. बॉम्बमध्ये गाभा नव्हता. फुटली ती फक्त साधी स्फोटकं, तरी एका कुटुंबाच्या घराशेजारी मोठा खड्डा पडला, घर उद्ध्वस्त झालं आणि सहा जण जखमी झाले.

गोल्ड्सबरो: एका स्विचवर निभावलं

'फुटूच शकत नाही' असं ठामपणे सांगणाऱ्यांना एक घटना नेहमी अडवते. २४ जानेवारी १९६१ ला मध्यरात्रीनंतर नॉर्थ कॅरोलिनातल्या गोल्ड्सबरोजवळ बी-५२ विमान इंधनगळतीमुळे हवेतच तुटलं. आठ जणांपैकी तीन जण मरण पावले. विमानातून दोन हायड्रोजन बॉम्ब खाली आले. प्रत्येकाची ताकद सुमारे ३.८ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या साधारण अडीचशे पट.

एका बॉम्बचं पॅराशूट उघडलं आणि तो झाडाला अडकून जवळजवळ उभाच राहिला. विमान तुटताना तो जसा ओढला गेला, त्यावरून बॉम्बमधल्या यंत्रणेला जणू कुणी मुद्दाम टाकलंय असं वाटलं. स्फोटाच्या तयारीचे टप्पे एकामागून एक पार पडत गेले. थांबला तो शेवटच्या टप्प्याला, कारण एक साधा, कमी व्होल्टेजचा स्विच 'सुरक्षित' स्थितीत होता. अमेरिकी अण्वस्त्रांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या पार्कर जोन्स यांनी १९६९ मध्ये तसं लिहून ठेवलं होतं. महासंकट आणि अमेरिका यांच्यामध्ये तेवढा एक स्विच उभा होता, असा त्याचा आशय. ही टिपण्णी लोकांसमोर आली २०१३ मध्ये. पत्रकार एरिक श्लोसर यांनी माहिती अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली ती मिळवली.

दुसरा बॉम्ब पॅराशूट न उघडता शेतात घुसला. त्याचा तोच स्विच 'सज्ज' स्थिती दाखवत होता, असं तो बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाचे प्रमुख जॅक रेव्हेल यांनी नंतर मुलाखतींमध्ये सांगितलं. बॉम्बचे बरेच भाग मिळाले. पण युरेनियम असलेला एक भाग दलदलीत इतका खोल गेला की खड्ड्यात पाणी भरत राहिलं आणि शेवटी खोदकाम सोडून द्यावं लागलं. सरकारने त्या जागेभोवतीच्या सुमारे १२० मीटर व्यासाच्या वर्तुळाचे हक्क विकत घेतले. तिथे शेती करता येते, पण पाच फुटांपेक्षा खोल खणायला बंदी आहे.

पालोमारेस: बॉम्ब सापडले, तरी प्रश्न उरला

हरवलेल्या बॉम्बपेक्षा जास्त त्रास देणारं प्रकरण सापडलेल्या बॉम्बचं आहे. १७ जानेवारी १९६६ ला स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर हवेत इंधन भरताना बी-५२ आणि इंधनवाहू विमानाची टक्कर झाली. सात जण गेले. चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले, त्यातले तीन पालोमारेस या टोमॅटो पिकवणाऱ्या गावात आणि आजूबाजूला. दोघांची साधी स्फोटकं फुटली आणि प्लुटोनियमची धूळ सुमारे दोन चौरस किलोमीटरवर पसरली.

चौथा समुद्रात गेला. फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स या स्थानिक मच्छीमाराने तो पॅराशूटसह पडताना पाहिला होता. तज्ज्ञांनी सुरुवातीला त्याच्या सांगण्याकडे फार लक्ष दिलं नाही. शेवटी त्याने दाखवलेल्या भागातच, सुमारे ८७० मीटर खोलीवर, 'अल्विन' नावाच्या छोट्या पाणबुडीला बॉम्ब दिसला. वर ओढताना दोर तुटला, बॉम्ब पुन्हा हरवला, पुन्हा शोधला आणि अपघातानंतर ८० दिवसांनी बाहेर आला. गावाने त्या मच्छीमाराचं नाव 'बॉम्बवाला पाको' ठेवलं.

दरम्यान पर्यटक पळून जातील म्हणून स्पेनचे मंत्री मानुएल फ्रागा आणि अमेरिकेचे राजदूत अँजिअर बिडल ड्यूक कॅमेऱ्यांसमोर समुद्रात पोहले. पाणी सुरक्षित आहे, हे दाखवायला. फोटो जगभर छापून आले. पण प्लुटोनियम पाण्यात नव्हतंच, ते शेतात होतं!

प्लुटोनियमचे अल्फा कण कातडीसुद्धा भेदू शकत नाहीत. ते घातक ठरतं श्वासातून फुप्फुसात गेल्यावर, आणि तिथे गेलं की वर्षानुवर्षं राहतं. म्हणजे धोका पोहण्यात नाही, वाऱ्याने उडणाऱ्या धुळीत आहे. अमेरिकी सैनिकांनी सुमारे १,४०० टन माती आणि पिकं पिंपांत भरून साउथ कॅरोलिनाला नेली. अनेक सैनिकांनी हे काम साध्या कपड्यांत केलं. पुढे आजारी पडलेल्यांना कित्येक दशकं सांगितलं गेलं की तुमच्या आजाराचा त्याच्याशी संबंध नाही. माजी सैनिकांच्या आरोग्यासाठीच्या ज्या कायद्यात पालोमारेसची साफसफाई करणाऱ्यांचा समावेश झाला, तो आला ऑगस्ट २०२२ मध्ये, ५६ वर्षांनी. गावात अजूनही कुंपण घातलेली जमीन आहे. उरलेली दूषित माती काढून न्यायचा समझोता अमेरिका आणि स्पेन यांनी २०१५ मध्ये केला, पण माती अजून तिथेच आहे.

दोन वर्षांनी, २१ जानेवारी १९६८ ला, चार बॉम्ब घेतलेलं आणखी एक बी-५२ ग्रीनलंडमध्ये थुले तळाजवळ बर्फावर कोसळलं. त्यानंतर मात्र अमेरिकेने अण्वस्त्रं घेऊन विमानं सतत आकाशात फिरवत ठेवणं बंद केलं.

समुद्राच्या तळाशी

५ डिसेंबर १९६५ ला 'टिकॉन्डेरोगा' या विमानवाहू नौकेवरून एक ए-४ विमान ढकलत नेताना घरंगळलं आणि वैमानिक व बॉम्बसह सुमारे ४,९०० मीटर खोल पाण्यात गेलं. अमेरिकेने १९८१ मध्ये सांगितलं की हे किनाऱ्यापासून ५०० मैलांहून लांब घडलं. १९८९ मध्ये कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा जपानच्या र्युक्यू बेटांपासूनचं अंतर ८० मैलांच्या आसपास निघालं. वर ती नौका जपानी बंदराकडेच निघालेली होती. जगात अणुबॉम्ब सोसलेल्या एकमेव देशाला शेजारच्या समुद्रात पडलेल्या बॉम्बचा ठावठिकाणा २४ वर्षांनी कळला.

पाणबुड्यांचं गणित थोडं वेगळं आहे, कारण त्यांत बॉम्बबरोबर अणुभट्टीही असते. सोव्हिएत 'कोमसोमोलेत्स' ७ एप्रिल १९८९ ला नॉर्वेजियन समुद्रात बुडाली. ४२ जणांचा मृत्यू झाला. दोन अण्वस्त्रधारी टॉर्पेडोंसह ती सुमारे १,६८० मीटर खोलीवर आहे. २०१९ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी तिच्या एका पाइपजवळचं पाणी तपासलं, तेव्हा सीझियम-१३७ नेहमीपेक्षा लाखपट आढळलं. हेडलाइनसाठी हे वाक्य पुरेसं आहे. पण थोड्याच अंतरावर ते इतकं विरळ होतं की मासे आणि माणसांना धोका नाही, असंही त्याच संशोधकांनी सांगितलं. ते वाक्य कुणी शेअर करत नाही. शिवाय हे मोजमाप तेव्हा उघडपणे जाहीर झालं, ही यातली चांगली गोष्ट.

आणि आपल्या हिमालयात?

इथे स्पष्ट सांगायला हवं की नंदादेवीवर हरवलेली वस्तू बॉम्ब नाही. ती आहे प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर चालणारा जनरेटर. व्हॉयेजर यानं याच तत्त्वावरच्या जनरेटरवर अजून चालू आहेत. त्याचा अणुस्फोट होऊ शकत नाही.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने पहिली अणुचाचणी केली. चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे संदेश पकडण्यासाठी अमेरिकेची सीआयए आणि भारताची गुप्तचर यंत्रणा यांनी मिळून ७,८१६ मीटर उंच नंदादेवीवर यंत्र बसवायचं ठरवलं. बर्फात बॅटऱ्या बदलायला कोण जाणार, म्हणून अणुजनरेटर. भारतीय गिर्यारोहकांचे नेते होते कॅप्टन मनमोहनसिंग कोहली, मे १९६५ मध्ये नऊ जणांना एव्हरेस्टवर पोहोचवणाऱ्या मोहिमेचे प्रमुख. ऑक्टोबर १९६५ मध्ये शिखराच्या अलीकडे हिमवादळाने गाठलं. माणसं वाचवायची की यंत्र? यंत्र तिथेच कड्यावर बांधून सगळे खाली उतरले. पुढच्या वर्षी वर गेले तेव्हा कड्याचा तो भागच हिमकड्याबरोबर गेला होता. नंतरच्या शोधातही काही मिळालं नाही.

खालच्या गावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. १९७८ मध्ये एका अमेरिकी मासिकात ही बातमी आली आणि १७ एप्रिलला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत मोहिमेची कबुली दिली. शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. नद्यांच्या पाण्यात दूषितता आढळली नाही.

७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगा खोऱ्यात महापूर आला. सुमारे २०० जणांचा बळी गेला. चिपको आंदोलनामुळे माहीत असलेल्या रैणी गावात लोक म्हणू लागले, हे त्या यंत्रामुळेच झालं. व्हॉट्सॲपवर तर निकालच लागला होता. शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून दाखवलं की रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला होता. जनरेटरची उष्णता या कामाला अगदीच किरकोळ.

पण रैणीतल्या लोकांना वेड्यात काढायच्या आधी एवढं लक्षात घ्यायला हवं की यंत्र हरवल्यापासून सरकारने तोंड उघडेपर्यंत १२ वर्षं गेली होती, आणि तेही बाहेरच्या मासिकाने छापल्यावर. नंदादेवीचं बर्फ वितळून ऋषिगंगेत येतं, तिथून धौलीगंगेत, विष्णुप्रयागला अलकनंदेत आणि पुढे गंगेत. त्या पाण्यात प्लुटोनियम उतरलंय का, हे फक्त नियमित तपासणीतून कळू शकतं. नुसत्या 'काही धोका नाही' या वाक्यातून नाही. प्लुटोनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ८८ वर्षं लागतात. १९६५ मध्ये वर नेलेल्यातलं साठ टक्क्यांहून जास्त आजही शिल्लक आहे, बर्फाखाली कुठेतरी.